बायबलमधला देव स्वतःला 'ईर्ष्यावान' का म्हणवतो? मत्सर तर षड्रिपूंपैकी एक ना?

तुमचं म्हणणं असं की दहा आज्ञांमध्ये देव स्वतःच्या तोंडाने सांगतो "मी ईर्ष्यावान देव आहे", आणि आपल्याकडे तर मत्सर हा षड्रिपूंपैकी एक, मग माणसाने जो जिंकायचा तोच दोष देव उघड उघड कसा काय मिरवतो? प्रश्न अगदी रास्त आहे. मी नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढले, दहा आज्ञा पाढ्यांबरोबरच पाठ झाल्या, आता संडे स्कूलला शिकवते आणि तिथे कुठलं ना कुठलं पोरगं हेच विचारतं. "देवाबद्दल असं विचारायचं नसतं" म्हणून पोरांना गप्प बसवणं मला अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझं मत सांगून टाकते. बायबलमधला देव दुसऱ्या देवांवर जळत नाही. त्याची ईर्ष्या ज्या लोकांना त्याने शब्द दिलाय आणि ज्यांच्याकडून शब्द घेतलाय त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यात तो आपणहून सांगतोय की तुम्ही काय करता, कोणाच्या मागे जाता याने मला फरक पडतो. समजा एखाद्या घरातला कर्ता मुलगा भोंदू बुवाच्या नादी लागला, घरातलं सोनंनाणं नेऊन त्याच्या पायाशी ठेवायला लागला, तर आई संतापते, रडते, भांडते. ती त्या बुवावर जळते असं आपण म्हणतो का? उलट तिला काहीच वाटलं नसतं तर आपण म्हटलं असतं की हिला पोराचं काही पडलेलंच नाही.

हे मी मनाने रचून सांगत नाहीये. हा प्रश्न फार जुना आहे. तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी रब्बींच्या चर्चांचा जो प्रचंड ग्रंथ आहे त्यात, एक तत्त्वज्ञ रब्बान गमलिएल या रब्बींना जवळपास तुमचाच प्रश्न विचारतो, की तुमचा देव मूर्तींची पूजा करणाऱ्यांवर चिडतो, मूर्तींवर का नाही? गमलिएल त्याला गोष्ट सांगतात, एका राजाचा मुलगा होता, त्याने कुत्रा पाळला आणि त्याला बापाचं नाव ठेवलं, शपथ घ्यायची वेळ आली की म्हणायचा "या कुत्र्याची, माझ्या बापाची शपथ". राजाच्या कानावर हे गेलं तर तो कोणावर रागावेल, मुलावर की कुत्र्यावर? तत्त्वज्ञ मग दुसरं काढतो, त्या मूर्तीत काहीच दम नसेल तर देव ती नष्ट का करत नाही? त्यावर उत्तर असं की लोक सूर्य, चंद्र, तारे, नद्या, दऱ्या सगळ्याचीच पूजा करतात, मग काय मूर्खांपायी त्याने सगळं जगच मोडून टाकायचं? मला हे उत्तर फार आवडतं, कारण त्यात देवाला कोणाची स्पर्धाच नाहीये, मुद्दा फक्त बाप आणि मुलाचा आहे.

आता मूळ मजकुराकडे येते. "ईर्ष्यावान" हे वाक्य सुटं काढून वाचलं की ते भीतीदायक वाटणारच. पण बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात त्याच्या आधी काय आहे ते बघा, ज्याने तुम्हाला मिसरातून म्हणजे इजिप्तमधून, गुलामीतून बाहेर काढलं तो मी. म्हणजे आधी सुटका आणि मग अट. पुढे ३२ व्या अध्यायात त्यांचा पुढारी मोशे सीनाय डोंगरावर असताना खाली लोक त्याच्या भावाला, अहरोनाला, गळ घालतात, बायकापोरांच्या कानातली सोन्याची कुंडलं उतरवून त्याचं वासरू बनवतात आणि म्हणतात यानेच आम्हाला मिसरातून आणलं. कराराची शाई अजून वाळली नव्हती म्हणा ना! मोशे आज्ञांच्या दगडी पाट्या फोडतो, भयंकर रक्तपात होतो, तो भाग वाचायला आजही जड जातो. आणि त्यानंतर ३४ व्या अध्यायात देव नव्या पाट्या द्यायला तयार होतो, तिथे तो आधी सांगतो की मी दयाळू आहे, लवकर रागावत नाही, आणि थोड्याच ओळींनंतर येतं की माझं नावच ईर्ष्यावान आहे. म्हणजे त्याच्या नावाबद्दलचं हे सगळ्यात कडक वाक्य येतं कुठे, तर नातं तोडताना नाही, मोडलेलं नातं परत जोडताना. लोक हे सोडून देतात आणि फक्त वाक्य उचलतात, मग गैरसमज होणारच.

इतिहासाच्या बाजूने पण थोडं सांगायला हवं. त्या काळी बलाढ्य राजे मांडलिकांशी करार करायचे आणि त्यात "माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला मालक मानायचं नाही" हे कलम असायचंच. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून शपथ घेतली की माझा मुलगा अशुरबनिपाल याच्यावर स्वतःसारखं प्रेम करा, दुसरा राजा शोधू नका. त्या मातीच्या पाट्या १९५५ मध्ये निमरूदला सापडल्या, आणि बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली भाषा कित्येक ठिकाणी तशीच आहे. त्यामुळे त्या काळच्या माणसाला ईर्ष्यावान देव म्हणजे काय हे लगेच कळत असणार, निष्ठा वाटून घेता येत नाही असा धनी. आणि ही निष्ठा काही आपोआप मिळत नव्हती. सीनायच्या वाळवंटात कुंतिलत अजरूद इथे १९७० च्या दशकात उत्खनन झालं, तिथल्या मोठ्या रांजणांवर इ.स.पू. ८ व्या शतकाच्या आसपासचे लेख मिळाले ज्यात याहवेबरोबर, म्हणजे बायबलच्या याच देवाबरोबर, 'त्याच्या अशेरा'चा आशीर्वाद मागितलाय. अशेरा म्हणजे देवी की पूजेचा खांब यावर पंडितांचे वाद आहेत, पण एवढं नक्की की लोकांच्या देव्हाऱ्यात एकटा देव नव्हता. शिवाय संदेष्टा यिर्मया सांगतो की यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यात लोक स्वतःची पोरं आगीत होमत होते. तिथे "मला चालेल, तुम्हाला हवं ते करा" म्हणणारा देव मला तरी नको.

पण एसरहद्दोनच्या करारात आणि बायबलमध्ये एक मोठा फरक आहे आणि तो होशेयच्या पुस्तकात दिसतो. होशेय हा इ.स.पू. ८ व्या शतकातला उत्तरेकडच्या इस्राएलचा संदेष्टा, त्याची बायको गोमर त्याला सोडून दुसऱ्यांकडे जाते, आणि देव त्याच्या संसाराकडे बोट दाखवून म्हणतो माझं आणि या लोकांचं हेच झालंय. त्यात एक ओळ आहे ज्यात देव म्हणतो, तिला माहीतच नाही की धान्य, द्राक्षारस, तेल मीच तिला देत होतो, जे सोनं-रुपं मी दिलं तेच तिने बआल या दुसऱ्या देवाला वाहिलं. हे वाचताना राग कमी आणि दुखावलेपण जास्त जाणवतं. पुढे होशेय पंधरा शेकेल चांदी आणि वर जव देऊन तिला परत आणतो. आणि ११ व्या अध्यायात देव स्वतःशीच भांडतो, एफ्राईमा (म्हणजे इस्राएला), तुला मी कसा टाकून देऊ, माझं काळीज पालटतंय, मी पुन्हा तुझा नाश करणार नाही, कारण मी देव आहे, माणूस नाही. एसरहद्दोनने कुठल्या मांडलिकाला असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. आणि तुमच्या षड्रिपूंच्या मुद्द्याला मला याच्याइतकं जवळचं उत्तर दुसरं सापडलेलं नाही, माणसाची ईर्ष्या भडकली की समोरच्याला संपवते, इथे देव म्हणतो मी माणूस नाही म्हणूनच संपवणार नाही.

जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात तर याच ईर्ष्येतून काय निघतं बघा. बाबेलच्या बंदिवासातून लोक परत आलेत, साधारण इ.स.पू. ५१८, शहर अजून पडझडीत आहे, आणि देव म्हणतो सियोनेसाठी, म्हणजे यरुशलेमसाठी, माझी ईर्ष्या पेटली आहे. आता काय होणार असं वाटतं, तर दोनच ओळींनी येतं की यरुशलेमच्या रस्त्यांत म्हातारे-म्हाताऱ्या हातात काठी घेऊन बसतील आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून जातील. बस, एवढंच. कोणी तरी म्हणेल की मायमोनिडीझसारखा मोठा यहुदी विचारवंत १२ व्या शतकात सांगून गेलाय की देवाला भावना नसतात, हे शब्द फक्त त्याच्या कृतीचं वर्णन आहेत. त्यांचा आदर आहेच, पण होशेय वाचल्यावर मला ते पुरत नाही.

आता जी बाजू मला खरोखर टोचते ती पण लिहिते, नाहीतर हे उत्तर अर्धवट राहील. एक, "तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत" शिक्षेचं वाक्य. त्याच वाक्यात पुढे हजारोंवर दया आहे हे खरं, पण नातवंडांनी का भोगायचं? संदेष्टा यहेज्केलने त्याच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात हे स्पष्ट नाकारलंय, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, म्हणजे बायबल इथे स्वतःशीच वाद घालतं आणि मी यहेज्केलच्या बाजूने आहे. पण दोन, त्याच यहेज्केलच्या १६ व्या अध्यायात यरुशलेमला व्यभिचारी बायको म्हणून जी शिक्षा रंगवलीय ती इतकी भयानक आहे की नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईपुढे मी तो अध्याय वाचू शकत नाही. संशयी नवऱ्याला तिथून धर्माचा आधार मिळू शकतो, आणि मंडळीत शिकवणाऱ्यांनी हे ओळखून बोलायला पाहिजे. गोमरची बाजू होशेयमध्ये कुठेच येत नाही हे पण खरं आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे देवाची ईर्ष्या माणसाने अंगात घेणं. गणना या पुस्तकात फिनहास नावाचा याजक देवाच्या ईर्ष्येने भाला चालवतो आणि त्याचं कौतुक होतं, हे आहेच बायबलमध्ये, मी लपवणार नाही. पण एलीया संदेष्ट्याचं बघा. तो बआलच्या संदेष्ट्यांना मारून होरेब डोंगरावर पळून येतो, देव विचारतो "एलीया, तू इथे काय करतोयस?" आणि तो म्हणतो, मी परमेश्वरासाठी फार ईर्ष्यावान झालोय, बाकी सगळे फिरले, मी एकटाच उरलो. मग वादळ येतं, भूकंप येतो, आग येते, आणि देव त्यातल्या एकातही नसतो, त्यानंतर येतो अगदी हलका आवाज. परत तोच प्रश्न. आणि एलीया शब्दन्‌शब्द तेच उत्तर देतो, मधल्या सगळ्यातून तो काही शिकलेलाच नाही! मग देव त्याला सांगतो की तुझ्या जागी संदेष्टा म्हणून अलीशाचा अभिषेक कर, आणि हो, बआलपुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक अजून आहेत. जुन्या यहुदी कथनात तर पुढे असं येतं की तू लोकांवर करार मोडल्याचा आरोप केलास ना, मग आता प्रत्येक सुंतेला हजर राहून ते करार पाळताना स्वतः बघ, म्हणून सुंतेच्या वेळी एलीयाची खुर्ची मांडतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक, मराठी बोलणारे यहुदी, पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा करून याच एलियाहू हनबीचं स्मरण करतात. त्यांच्याकडे तो घरच्या शुभकार्याला येणारा पाहुणा आहे, भाला घेतलेला माणूस नाही.

त्यामुळे कोणी "आमचा देव ईर्ष्यावान आहे" म्हणत दुसऱ्याच्या देवळाकडे किंवा मशिदीकडे रागाने बघत असेल तर तो चुकीचं वाचतोय, असं मी ख्रिस्ती म्हणूनच म्हणते. दहा आज्ञांमधलं ते वाक्य शेजाऱ्याला उद्देशून नाहीच, ते ज्यांनी करार केला त्यांना आहे. मला लागू होतं, तुम्ही त्या करारात नसाल तर तुमच्यावर मी ते चालवू शकत नाही.

वाचायचंच असेल तर निर्गम ३२ ते ३४ एका बैठकीत वाचा, मग होशेयचा ११ वा अध्याय, तो अगदी छोटा आहे. यहेज्केल १६ मात्र एकट्याने पहिल्यांदाच वाचायला घेऊ नका, कोणाशी तरी बोलता येईल असं बघा.