जड रेणू आधी कसा उडतो?

प्रश्न: मी अकरावी सायन्सला आहे. इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिट लावतात ते बघता बघता उडून जातं, पाणी लावलं तर कितीतरी वेळ तसंच राहतं. पण इथेनॉलच्या रेणूचं वजन 46 आणि पाण्याचं फक्त 18, मग हलकं पाणी आधी उडायला नको का? क्लासमध्ये विचारलं तर 'हायड्रोजन बॉण्डिंग' एवढंच उत्तर मिळालं.
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: तुझी शंका अगदी रास्त आहे. जड रेणू उशिरा उडतो हे खरंय, पण ते एका घराण्यातल्या पदार्थांपुरतंच. आपल्या सिलिंडरमधला प्रोपेन उणे 42 अंशाला उकळतो, ब्यूटेन शून्याच्या आसपास, पुढचा पेंटेन 36 ला, आणि कार्बनची साखळी पंचवीस-तीसपर्यंत गेली की ते मेणबत्तीचं मेण होतं. यांच्या रेणूंमधली ओढ एकेका जागी अगदी कमजोर, पण साखळी लांबली की चिकटायच्या जागा वाढतात आणि सगळी मिळून ओढ चांगलीच होते.

पाण्यात वेगळंच चालतं. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे हायड्रोजन जवळजवळ उघडा पडतो आणि तो शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला जाऊन धरतो, हाच तो हायड्रोजन बंध. पाण्याच्या एका रेणूकडे असे दोन हायड्रोजन आणि शिवाय ऑक्सिजनवर दुसऱ्यांनी येऊन धरायला दोन जागा, म्हणजे चार शेजारी धरता येतात! इथेनॉलकडे असा कामाचा हायड्रोजन एकच, बाकीचे पाच कार्बनला लागलेले, त्यांचा इथे काही उपयोग नाही. म्हणून पाणी 100 ला उकळतं, इथेनॉल 78 ला.

आता हे बघ, मला स्वतःला हे उदाहरण फार आवडतं. डायमिथाइल ईथरमध्ये इथेनॉलइतकेच अणू, तेच अणू, वजनही तेच 46. फक्त ऑक्सिजन दोन कार्बनच्या मध्ये बसलाय, त्याला हायड्रोजन लागलेलाच नाही. तो उणे 24 अंशाला उकळतो. म्हणजे एका हायड्रोजनची जागा बदलली आणि शंभर अंशांचा फरक पडला.

एक चूक मात्र करू नकोस, खूप मुलं पेपरात लिहितात की उकळताना पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात. नाही! रेणू जसाच्या तसा राहतो, फक्त शेजाऱ्यांचा हात सोडतो. रेणूच्या आतला बंध या हायड्रोजन बंधापेक्षा साधारण वीसपट मजबूत असतो, तो 100 अंशाला तुटत नाही, पातेल्यातले बुडबुडे म्हणजे निव्वळ वाफच.

आणि दंडावर स्पिरिट काही उकळत नाही हं, त्याचं बाष्पीभवन होतं, पण कारण तेच, पकड सैल असली की रेणू लवकर निसटतात आणि जाताना त्वचेची उष्णता घेऊन जातात म्हणून गार लागतं. एक ग्रॅम उडवायला खरंतर पाण्यालाच जास्त उष्णता लागते, इथेनॉलच्या अडीचपट तरी, पण स्पिरिट भराभर उडतं त्यामुळे गारवा एकदम जाणवतो. घरी स्टीलच्या ताटलीत पाण्याचा एक थेंब आणि सॅनिटायझरचा एक थेंब शेजारी शेजारी ठेव, पंखा लाव (गॅसपासून लांब), आणि दोन्हीकडे घड्याळ लावून बघ.