आपली महापालिका किती मोठी? लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि नगरसेवकांचे गणित

प्रश्न : ठाण्याची लोकसंख्या कुठे १८ लाख वाचतो, कुठे ८० लाख, कुठे १ कोटी १० लाख. खरी कोणती? (नौपाडा)

तिन्ही खऱ्याच, फक्त तीन वेगवेगळ्या ठाण्यांच्या. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा १,१०,६०,१४८ लोकसंख्येचा होता, देशात सर्वाधिक. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि उरलेल्या सात तालुक्यांची त्याच जनगणनेतली बेरीज सुमारे ८०.७ लाख भरते. म्हणजे माणसे कुठे गेली नाहीत, रेघ सरकली. ठाणे महापालिका १८,४१,४८८ ची. काही ठिकाणी १८,१८,८७२ दिसते तो सुरुवातीचा तात्पुरता आकडा, वापरू नये.

ठाणे तालुका म्हणजेही ठाणे शहर नव्हे. त्यात नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर या महापालिकाही येतात आणि तिन्हींची बेरीजच ३७.७ लाखांवर जाते. आकडा लिहिताना जिल्हा, तालुका की महापालिका हे आणि जनगणनेचे वर्ष सोबत लिहा.

प्रश्न : ठाण्याला १३१ नगरसेवक आणि नवी मुंबईला १११. हे आकडे कोण ठरवतो? (ऐरोली)

कायदा ठरवतो, आणि हिशेब कागद-पेन्सिलीने घरी करता येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात लोकसंख्येचे टप्पे दिले आहेत. ३ ते ६ लाखांसाठी किमान ६५ सदस्य आणि ३ लाखांवरील प्रत्येक १५,००० मागे एक जादा. ६ ते १२ लाखांसाठी ८५ आणि ६ लाखांवरील दर २०,००० ला एक. १२ ते २४ लाखांसाठी ११५ आणि १२ लाखांवरील दर ४०,००० ला एक. अपुरा हिस्सा सोडून द्यायचा.

ठाणे : १८,४१,४८८ वजा १२ लाख म्हणजे ६,४१,४८८. त्याला ४०,००० ने भागले की पूर्ण १६. ११५ + १६ = १३१. नवी मुंबई : ११,२०,५४७ मधून ६ लाख गेले, ५,२०,५४७ भागिले २०,००० म्हणजे २६. ८५ + २६ = १११. पनवेलचे ५,०९,९०१ घ्या : २,०९,९०१ भागिले १५,००० म्हणजे १३.९९. उत्तर १४ नाही, १३ च, म्हणून ७८ जागा. जेमतेम शंभर माणसांनी एक जागा हुकली!

कल्याण-डोंबिवलीत मात्र हमखास चूक होते. जनगणनेच्या पुस्तकातले १२.४७ लाख घेतले तर ११६ येतात, प्रत्यक्षात जागा १२२. कारण २०१५ मध्ये २७ गावे महापालिकेत आली. त्यांची २०११ ची लोकसंख्या मिळवली की बेरीज १५.१८ लाखांच्या आसपास जाते आणि गणित जुळते. हद्द आजची, डोकी २०११ ची, असा हा नियम आहे. मतदारयादीचा यात संबंध नाही. यादीत कितीही नावे वाढली तरी शेवटची प्रसिद्ध जनगणनाच धरतात. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत घोडबंदर रोडवरचे नवे टॉवर या हिशेबात शून्य.

प्रश्न : आमच्या प्रभागाची लोकसंख्या कशी तपासायची? (कळवा)

प्रभागरचनेच्या अधिसूचनेत प्रत्येक प्रभागाची एकूण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीची लोकसंख्या व चतुःसीमा दिलेली असते. महापालिकेच्या निवडणूक विभागाकडून नकाशासह पाहा. मग सरासरी काढा : एकूण लोकसंख्या भागिले एकूण सदस्य, गुणिले प्रभागातील सदस्य. ठाण्यात १८,४१,४८८ ÷ १३१ × ४ म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागाला सुमारे ५६,२२९. दहा टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे साधारण ५०,६०० ते ६१,८५०. आकडा याबाहेर असेल तर प्रारूप रचनेवरच्या हरकतींच्या मुदतीत लेखी द्या. अंतिम रचनेनंतर अर्ज करून उपयोग नसतो.

एक खबरदारी. २०११ च्या पुस्तकातला ‘वॉर्ड १२’ आणि आजचा ‘प्रभाग १२’ यांचा काही संबंध नाही. प्रभाग प्रगणक गट (जनगणनेत एका प्रगणकाकडे दिलेली घरे) जोडून बनतो, तेव्हा तुलना गटांचीच करावी. आणि प्रभाग समिती हे तिसरेच प्रकरण : ठाण्यात अशा नऊ आहेत. कळवा समितीखाली अनेक प्रभाग येतात.

प्रश्न : खारघर नवी मुंबईत, मग मालमत्ता कर पनवेलला का? (खारघर)

‘नवी मुंबई’ हे सिडको या राज्य शासनाच्या नगरनियोजन महामंडळाचे नियोजित शहर, ३४४ चौ. किमी आणि तीन तालुक्यांत पसरलेले. नवी मुंबई महापालिका मुख्यतः त्याच्या ठाणे तालुक्यातल्या भागाची, दिघ्यापासून बेलापूरपर्यंत, सुमारे ११० चौ. किमी. खारघर, कामोठे, कळंबोली १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत, जिल्हा रायगड. उलवे तर दोन्हींत नाही.

प्रश्न : उल्हासनगर ठाण्यापेक्षा जास्त दाट आहे का? (वागळे इस्टेट)

कागदावर हो. उल्हासनगरात सुमारे १३ चौ. किमीत ५.०६ लाख, म्हणजे दर चौ. किमीला ३८-३९ हजार. ठाण्यात १२८.२३ चौ. किमी धरले तर १४,३६१. पण ठाण्याच्या हद्दीत येऊरचे जंगल आणि खाडीकाठची कांदळवनेही येतात, तिथे काही पाडे सोडले तर फारशी वस्ती नाही. लोकमान्यनगर किंवा मुंब्र्याची दाटी या सरासरीत बुडून जाते. शाळा, पाणी, कचरागाड्यांचे नियोजन या सरासरीवर करणे सपशेल चूक. जंगल-खाडी वगळून प्रभागनिहाय घनता काढावी.

प्रश्न : बदलापूर-अंबरनाथ अजून नगरपरिषदाच का? (बदलापूर)

महापालिकेसाठी किमान ३ लाख लोकसंख्या लागते. २०११ मध्ये अंबरनाथ अडीच लाखांवर, कुळगाव-बदलापूर पावणेदोन लाखांच्या आत. एकत्र केल्यास उंबरठा सहज पार होतो, पण तेवढ्याने महापालिका होत नाही. घनता, स्थानिक उत्पन्न, शेतीबाहेरचा रोजगार पाहून शासनाने अधिसूचना काढावी लागते.