नळाला थेट मोटर लावण्यात चूक काय? परिणाम बघायचे की नियम पाळायचा?

तुम्ही विचारलंय: सोलापुरात पाणी काही दिवसांआड, तेही बारीक धारेनं येतं, घरी आई अंथरुणाला खिळलेली. नळाला थेट मोटर लावू नये हा नियम, पण एका मोटरनं कुणाचं काय बिघडतं?

परिणामच बघायचे तर पुरते बघा. समजा गल्लीत २० घरं आहेत आणि पाणी सुटलं की घरटी ६०० लिटर मिळतं. तुम्ही १२०० ओढलंत, तर जादाचे ६०० उरलेल्या १९ घरांच्या वाट्यातून गेले. सरासरी ३२ लिटर, म्हणजे साधारण दोन हंडे. एवढ्यानं कुणाचं अडतंय, असं वाटतं आणि तिथंच हिशेब फसतो. तूट सारखी वाटली जात नाही. शेवटच्या टोकाला दाब मुळातच कमी, म्हणून ती बरीचशी तिथल्या दोन-तीन घरांवरच पडते. त्यांचे गेलेले लिटर पिण्या-रांधण्याचे असतात. तुमच्याकडे आलेल्यांतले बरेचसे धुण्याभांड्याचे. शिवाय मोटरनं पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला, की गळक्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरतं. ते आईच्याच पेल्यात येऊ शकतं.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटनं १७८५ मध्ये मांडलेली कसोटी वेगळी: सगळेच असं वागले तर? वीसही घरांनी मोटर लावली तर पाणी तेवढंच राहील, वीजबिल वाढेल. तुमचा फायदा बाकीचे नियम पाळतात म्हणूनच आहे. ही कसोटी लावताना लोक एक चूक हमखास करतात: 'आई आजारी आणि घर चढावर असेल त्यानं लावावी', असा आपल्याच मापाचा नियम शिवून घेतात.

नियमही आंधळेपणानं पाळू नयेत. मित्राचा जीव घ्यायला आलेल्यालासुद्धा खोटं सांगू नये, असं कांटनं १७९७ मध्ये लिहिलं. मला ते मुळीच पटत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉसची १९३० ची मांडणी जास्त उपयोगी आहे. दोन कर्तव्यं भिडली तर त्या प्रसंगी जड असेल ते करावं, पण मोडलेल्या कर्तव्याचं देणं अंगावर राहतं, ते फेडावं. एखाद्या रात्री खरंच अडचण आली, तर टोकाच्या घरांना आधी सांगा आणि पुढच्या पाळीला तेवढं पाणी त्यांना द्या. त्यांना सांगायची हिंमत होत नसेल, तर अडचण तेवढी मोठी नाही.

माझं मत स्पष्ट आहे. नियम ठरवताना किंवा बदलताना परिणाम मोजावेत. स्वतःची वेळ आली की नियम धरावा, कारण आपल्या गरजेची बेरीज आपल्याच बाजूनं झुकते.

आणि तुलना फक्त 'मोटर की काहीच नाही' अशी करू नका. जमिनीखाली छोटा हौद बांधून नळ त्यात सोडा. नळाचं तोंड एक मीटर खाली गेलं की तेवढाच, एक मीटर उंचीचा, दाब जास्त मिळतो. मग मोटर हौदावर लावून पाणी वर चढवा. यातही थोडं जास्त पाणी तुमच्याकडे येतं, म्हणून हौद आईच्या गरजेपुरता, ५०० लिटरचा ठेवा आणि फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारी तरंगती झडप, बसवा. भरला की पाणी पुढच्या घराकडे जाईल.