जंगलालगतच्या वावरात एकट्याने राहायचे असल्यास कोणती बंदूक घ्यावी?

आपण लिहिले आहे की, पुण्यातील नोकरी सोडून आपण चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाला लागून पाच एकर वावर घेतले आहे, तेथे घर बांधून एकट्याने राहणार आहात, गाव दोन किलोमीटरवर आहे, आणि रायफल, पिस्तूल व बारा बोअरची छर्ऱ्यांची बंदूक यांपैकी काय घ्यावे हे आपल्याला ठरवायचे आहे. मी याच जिल्ह्यात जंगलाच्या काठावर अकरा वर्षे एकटा राहतो आणि वडिलांच्या मागे आलेली बारा बोअरची दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) परवान्यासह माझ्याकडे आहे, म्हणून उत्तर देतो. घ्यायचीच असेल तर दुनळी घ्यावी. मात्र ती कोणत्या वेळी कामाला येते आणि कोणत्या वेळी येत नाही, हे आधी नीट समजून घ्यावे.

रायफलीचा विचार मी प्रथम बाजूला ठेवतो. .३०३ किंवा ९ मिलिमीटर अशा मापाच्या नळीची शस्त्रे सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाहीत. मिळू शकते ती .३१५ ची, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी रायफल. ती अचूक आहे, पण तिची गोळी एक किलोमीटरच्या पुढेही जीव घेऊ शकते, आणि आपला मुलूख डोंगरदऱ्यांचा नसून सपाट वावरांचा आहे. धानाच्या दिवसांत रात्री प्रत्येक चौथ्या वावरात कोणी ना कोणी मचाणीवर जागलीला बसलेला असतो, आणि आपल्याला दिसणाऱ्या सावलीच्या पलीकडे कोण आहे हे अंधारात कळत नाही. बारा बोअरचे मोठे छर्रे तीस-पस्तीस मीटरनंतर विखुरतात आणि त्यांचा जोर ओसरत जातो. बंदुकीची ही उणीव आमच्याकडे तिचा गुण ठरते. .३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल कमरेला शोभते, परंतु अस्वलासमोर त्याचा भरवसा नाही, आणि ज्याने वर्षानुवर्षे सराव केलेला नाही त्याचा नेम भीतीने थरथरणाऱ्या हातात पाच पावलांवरही चुकतो.

कायद्याचा कलही दुनळीकडेच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये, संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक आणि पीकरक्षणासाठी तोंडाने भरायची बंदूक यांचा वेगळा उल्लेख आहे. इतर शस्त्रांसाठी मात्र अर्जदाराला सबळ कारण दाखवावे लागते. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो, आणि २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. परवाना वारसाहक्काने माझ्या नावावर होत असतानाही माझा अर्ज चौदा महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. एकदा तर वडिलांच्या मृत्यूचा दाखला मी तिसऱ्यांदा जोडला. त्यामुळे घर बांधून झाले की पुढच्या महिन्यात बंदूक येईल, असा हिशेब धरू नये.

दुसरी अट बाहेरून येणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही, आणि तेथे राहणाऱ्या जुन्या परवानाधारकालाही आपले नाव नोंदवावे लागते. ताडोबाच्या अंधारी अभयारण्याबद्दल सर्वांना माहीत असते, पण आपल्या जिल्ह्यात २०१८ मध्ये घोडाझरी आणि २०२१ मध्ये कन्हाळगाव ही अभयारण्येही घोषित झाली, त्यामुळे पूर्वी मोकळी असलेली कित्येक गावे आता या दहा किलोमीटरांत आली आहेत. सातबाऱ्याचा उतारा घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात हे अंतर तपासून घ्यावे. परवान्याच्या अर्जापूर्वीच ते करावे.

आता प्राण्यांविषयी लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचा खरा गाभा तोच आहे. दोन वर्षांपूर्वी चैत्रात मी अंगणात मोहफुले वाळत घातली होती. पहाटे तीनच्या सुमारास कुत्र्याच्या गुरगुरण्याने जाग आली, मी दुनळी भरली आणि दार उघडले. अंगणात पंधरा पावलांवर अस्वल फुलांवर तोंड घालून बसले होते आणि त्याच्या नाकाने फुले ओढल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. डाव्या हातात बॅटरी होती आणि उजव्या हातात साडेतीन किलोंची बंदूक. बंदूक खांद्याला लावायची तर दोन्ही हात हवेत आणि दोन्ही हात लावले तर उजेड जातो. रात्री एकट्या माणसाला तीन हात लागतात, हे मला त्या क्षणी कळले. मी बंदूक भिंतीला टेकवली, दाराशी पडलेला पत्र्याचा डबा लाथेने उडवला आणि जिवाच्या आकांताने ओरडलो. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले, क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि फुफाटत धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) निघून गेले. मी झाडली असती तर ते बहुधा जखमी झाले असते, आणि जखमी अस्वल जवळच्या रानात असताना मोह वेचायला येणाऱ्या बायकांचे काय झाले असते, याचा विचार मी आजही करतो.

वाघाच्या बाबतीत तर बंदुकीचा उपयोग याहूनही कमी आहे. आमच्या भागातील बहुतेक हल्ले माणूस खाली वाकलेला असताना होतात: निंदण करताना, तेंदूपत्ता तोडताना, शौचाला बसलेला असताना. वाघ मागून येतो. खांद्यावरची बंदूक त्या वेळी खांद्यावरच राहते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी वन्यप्राण्याला मारणे वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ नुसार गुन्हा ठरत नाही, परंतु त्या वेळी आपण स्वतः कायदा मोडत असता कामा नये, आणि मेलेला प्राणी सरकारची मालमत्ता होतो. कातडे किंवा नख ठेवण्याचा विचारही करू नये. यवतमाळ जिल्ह्यातील, माणसे मारल्याचा ठपका असलेली टी-१ (अवनी) वाघीण २०१८ मध्ये सरकारी आदेशानंतर मारली गेली, तरीही गोळी कोणत्या परिस्थितीत झाडली यावर चौकशी समित्या बसल्या. आपल्यासारख्या एकट्या, साक्षीदार नसलेल्या माणसाला किती उत्तरे द्यावी लागतील, याचा अंदाज आपणच करावा. रोही (नीलगाई) आणि रानडुकरे पिकात शिरली तरी वनविभागाच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर गोळी झाडता येत नाही.

बंदूक हाताशी नसण्याचेही प्रसंग येतात. २०२४ मध्ये १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि माझी दुनळी पोलीस ठाण्यात जमा झाली. मोहाचा हंगाम गेला, तेंदूपत्ता गेला, ४ जूनला निकाल लागला तेव्हा कुठे ती परत मिळण्याची आशा निर्माण झाली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि धान कापणीला आलेला असताना ती पुन्हा ठाण्यात गेली. ज्या दोन हंगामांत जनावरे सर्वांत जवळ येतात, नेमक्या त्याच वेळी माझ्या भिंतीवरचा खिळा रिकामा होता. त्या वर्षीही मी सुखरूपच राहिलो.

तरीही घेतली, तर काडतुसे प्लॅस्टिकच्या कवचाची घ्यावीत. कागदी पुठ्ठ्याची काडतुसे भाद्रपदाच्या दमट हवेत फुगतात; माझे एक काडतूस नळीत अर्धे जाऊन अडकले होते आणि ते सळईने हळूहळू काढताना घाम फुटला होता. दर पंधरा दिवसांनी नळी तेलाच्या चिंधीने पुसावी, बंदूक सुटी करून कुलपात ठेवावी, काडतुसे वेगळ्या पेटीत ठेवावीत. आपण वावरात एकटे आहात आणि घर दिवसभर उघडे राहते, हे लक्षात असू द्यावे. चोरीला गेलेल्या शस्त्राचा जाब परवानाधारकालाच द्यावा लागतो.

बंदुकीच्या अर्जासोबतच, किंबहुना त्याच्या आधी, मी आपल्याला काही खर्च सुचवतो. घराभोवती सौरकुंपण घालावे. घरातील विजेची तार मात्र कुंपणाला कधीही जोडू नये, त्याने माणसेही मेली आहेत आणि शेतकरी तुरुंगातही गेले आहेत. घरापासून वीस पावलांपर्यंत झुडपे साफ ठेवावीत. संडास घरालगत बांधावा. दोन कुत्री पाळावीत, पण रात्री ती आत घ्यावीत, कारण बाहेर बांधलेले कुत्रे बिबट्याला आमंत्रणच देते. त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालावा. डोक्याला बांधायची बॅटरी घ्यावी, म्हणजे माझ्यासारखी तिसऱ्या हाताची अडचण येणार नाही. पावसाळ्यात खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपावे, कारण वाघ आणि अस्वल यांच्यापेक्षा मण्यार व घोणस आपल्या अंथरुणाच्या जास्त जवळ असतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे, आणि सापापुढे बारा बोअर काही कामाची नाही. सर्पदंशावरील प्रतिविष असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि रात्री तेथे नेणारे वाहन कोणाचे, हे आजच गावात विचारून ठेवावे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरात लिहावा, आणि मोबाईलला रेंज घराच्या कोणत्या कोपऱ्यात मिळते ते पाहून खाट त्याच कोपऱ्यात टाकावी.