हरलं की दुप्पट? थांब जरा

रूलेटमध्ये हरलं की पुढची पैज दुप्पट लावायची पद्धत तुला सापडली हे वाचून हसू आलं. मीही तिथूनच सुरुवात केली होती! कागदावर ती बिनतोड दिसते: एका चिपपासून (पैशांऐवजी लावायची चकती) सुरू केलं, तर एकदा जिंकताच गेलेलं सगळं परत आणि वर एक चिप. पण एका शून्याच्या चाकावर घरं ३७ आणि लाल फक्त १८. लालवर लावून सलग ७ वेळा हरण्याची शक्यता साधारण १०६ मध्ये १. म्हणजे १०५ वेळा तू एकेक चिप जिंकशील आणि एकदाच १+२+४+…+६४ = १२७ घालवशील. कर वजाबाकी. आठव्या वेळी १२८ लावू म्हणशील, तर टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते.

सध्या एवढंच बघ:

- चाकावर शून्यं किती? एक असेल तर प्रत्येक पैजेत कॅसिनोचा सरासरी वाटा २.७० टक्के, दोन असतील तर ५.२६.
- 'आता लाल येणारच' हे डोक्यातून काढ. १९१३ मध्ये मोंटे कार्लोच्या कॅसिनोत काळा रंग सलग २६ वेळा आला आणि लालवाले धुतले गेले. चाकाला मागचं काही आठवत नाही.

फिबोनाची, लाबुशेर वगैरे पैज कमीजास्त करायच्या पद्धती नंतर बघू. तिथेही प्रत्येक पैज तोट्याचीच असते, फक्त रक्कम बदलते. खेळायचंच तर गेले तरी चालतील एवढेच पैसे घेऊन बस.