ध्वनिशोषक पॅनेलमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा आणि स्टेनलेसची जाळी: चिकटद्रव्य बदलण्याआधी काय तपासावे

आपण लिहिले आहे की, रत्नागिरीजवळ समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या बर्फाच्या कारखान्यात डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) खोलीला आपण ध्वनिशोषक पॅनेल बसवली. समोर एक मिलिमीटर जाडीचा, पावडर कोटिंग केलेला छिद्रांचा ॲल्युमिनियम पत्रा, त्याच्या पाठीला चिकटवलेली ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाची बारीक जाळी, मागे रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज तंतूंची लोकर) आणि भोवती जी.आय.ची (जस्ताचा थर दिलेल्या पोलादाची) चौकट, अशी त्यांची रचना आहे. दोन पावसाळे होताच छिद्रांभोवती पांढरी भुकटी दिसू लागली, रंगाला फुगे आले आणि जाळी कडेपासून सुटू लागली. चिकटद्रव्य बदलावे का, आणि ३०४ ऐवजी ३१६ या अधिक क्षरणरोधक प्रतीची जाळी लावल्यास प्रश्न सुटेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते का, हे समजल्याशिवाय पुढची पॅनेल करण्यात अर्थ नाही.

गॅल्व्हॅनिक क्षरणाला, म्हणजे दोन धातू जोडले गेल्यामुळे त्यांतला एक झिजत जाण्याला, तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: वेगवेगळ्या विभवाचे (विद्युत पातळीचे) दोन धातू, त्यांना जोडणारा धातूचा मार्ग आणि दोघांनाही एकाच वेळी भिजवणारे खारट पाणी. यातली एक गोष्ट तोडली तरी क्षरण थांबते. समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे विभव, संतृप्त कॅलोमेल इलेक्ट्रोड या मोजणीच्या प्रमाण इलेक्ट्रोडच्या तुलनेत, साधारण उणे ०.७५ व्होल्टच्या आसपास असते, तर पृष्ठभागावरचा संरक्षक (निष्क्रिय) ऑक्साइड थर शाबूत असलेल्या ३०४ चे उणे ०.१ व्होल्टच्या जवळपास. खाऱ्या, दमट हवेत एकमेकांना टेकणाऱ्या धातूंमधला फरक ०.१५ व्होल्टच्या आत ठेवावा, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. येथे तो त्याच्या चौपटीहून अधिक आहे. ३१६ घेतल्याने जाळी स्वतः अधिक टिकेल, तिला खाचा कमी पडतील, परंतु ॲल्युमिनियमच्या दृष्टीने ती ३०४ इतकीच, किंबहुना किंचित अधिक, त्रासदायक ठरेल. महागडी जाळी लावून पत्रा वाचवता येत नाही.

विभवातील फरकापेक्षाही मला अधिक चिंता वाटते ती क्षेत्रफळाच्या प्रमाणाची. आपली जाळी इंचाला चाळीस तारांची आणि तार पाव मिलिमीटरची आहे, असे धरू. एक चौरस मीटर जाळीत दोन्ही दिशांच्या तारा मिळून सुमारे ३,१५० मीटर लांबी भरते आणि तिचा पृष्ठभाग जवळजवळ अडीच चौरस मीटर होतो. म्हणजे हा कॅथोड (जोडीतला न झिजणारा धातू) दिसायला विरळ असला, तरी पत्र्याच्या एका बाजूच्या अडीचपट आहे. दुसरीकडे पत्र्याला रंग असल्यामुळे उघडे ॲल्युमिनियम फक्त छिद्रांच्या कडांवर, कापलेल्या टोकांवर आणि ओरखड्यांतच उरते. मोठ्या कॅथोडचा सगळा प्रवाह त्या चिमूटभर ॲनोडवर (झिजणाऱ्या धातूवर) एकवटतो. म्हणूनच भुकटी छिद्रांच्या काठावर दिसते, मोकळ्या सपाट भागावर नाही. केवळ ॲल्युमिनियमला रंग देणे आणि स्टेनलेस उघडे ठेवणे हा सर्वांत धोक्याचा पर्याय आहे. एकाच धातूला थर द्यायचा असेल, तर तो कॅथोडला, म्हणजे जाळीला द्यावा. दोघांना दिला तर उत्तमच.

आता चिकटद्रव्याविषयी. रबराचे किंवा एपॉक्सीचे साधे चिकटद्रव्य वीज वाहून नेत नाही, त्यामुळे त्याचा अखंड थर मध्ये असेल तर जाळी आणि पत्रा एकमेकांपासून तुटलेले असतात. पण आपल्या वर्णनाप्रमाणे चौकटीचे पॉप रिव्हेट जी.आय., जाळी आणि पत्रा या तिन्हींतून आरपार गेले आहेत. प्रत्येक रिव्हेट हा चिकटद्रव्याला वळसा घालून जाणारा धातूचा पूल आहे. शिवाय कापलेल्या जाळीच्या टोकांच्या तारा टोकदार असतात. पॅनेल दाबून बसवताना त्या रंगात रुततात. पॉप रिव्हेटमध्ये आणखी एक खोड असते. त्याचे शरीर ॲल्युमिनियमचे असले, तरी आतला खिळा बहुधा साध्या पोलादाचा असतो आणि ओढून तुटल्यावर त्याचे डोके आतच राहते. ते गंजून फुगले की रिव्हेट सैल होतो आणि फटीत पाणी शिरते.

एक तपासणी आजच करून पाहावी. भिंतीवरून एक पॅनेल उतरवून पूर्ण कोरडे करावे. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (विजेचा मार्ग जोडलेला असल्यास वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एक टोक जाळीच्या खरवडून उघड्या केलेल्या तारेला आणि दुसरे पत्र्यावरचा रंग नाण्याएवढ्या जागी काढून तेथे टेकवावे. मीटर वाजला, तर चिकटद्रव्य कितीही चांगले असो, दोन्ही धातू जोडलेले आहेत. मग कडेचे रिव्हेट एकेक करून ड्रिलने काढत जावे आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजावे. सगळे रिव्हेट निघाल्यावरही मीटर वाजत असेल, तर तारांची टोके रंगातून गेली आहेत असे समजावे. त्याच वेळी पॅनेलची भिंतीकडची बाजूही पाहावी. ओल्या सिमेंटच्या गिलाव्याला टेकणारे ॲल्युमिनियम त्यातील अल्कलीमुळेही पांढरे पडते. जाळीचा स्पर्श नसलेल्या जागीही तशीच भुकटी असेल, तर आपल्याकडे एक नव्हे, दोन दुखणी आहेत.

अर्थिंगचा प्रश्न यातला सर्वांत नाजूक आहे आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. डीजी सेटच्या खोलीतील धातूचे भाग सुरक्षिततेसाठी अर्थ केलेच पाहिजेत. त्यात तडजोड नको. पण जाळीही आणि पत्राही चौकटीमार्फत त्याच अर्थिंगच्या पट्टीला जोडले गेले, तर मधला विद्युतरोधक थर निरुपयोगी होतो, कारण विजेचा मार्ग पट्टीतून पूर्ण झालेला असतो. अशा वेळी तोडण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पाणी. त्यामुळे पत्रा आणि चौकट यांना एकाच कोरड्या, सीलंटने झाकलेल्या जागी अर्थ करावे आणि जाळीला तिच्या संपूर्ण पृष्ठभागावर एपॉक्सीचा थर द्यावा, म्हणजे विजेचा मार्ग असला तरी तिच्यावर कॅथोडची क्रिया होऊ शकत नाही.

विमानाच्या इंजिनाभोवतीच्या ध्वनिशोषक अस्तरात हाच पेच अनेक वर्षे हाताळला गेला आहे. तेथे समोर छिद्रांचा पत्रा, मध्ये हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी पोकळ घरांची रचना) आणि मागे अखंड पत्रा असतो. काही प्रकारांत ॲल्युमिनियमच्या छिद्रित पत्र्यावर स्टेनलेसची अतिशय बारीक विणलेली जाळी चिकटवतात, कारण वेगाने घासून जाणाऱ्या हवेतही आवाजाला मिळणारा रोध तिच्यामुळे जवळपास स्थिर राहतो. जाळी वगळणे त्यांना परवडत नाही, म्हणून बाकी सारे उपाय करावे लागतात. आधी छिद्रे पाडायची आणि मग ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवणे) करायचे, म्हणजे छिद्रांच्या आतल्या कडाही झाकल्या जातात. त्यावर क्षरणरोधक एपॉक्सी प्रायमर आणि मग चिकटद्रव्य. पातळ चादरीच्या रूपात येणाऱ्या अनेक चिकटद्रव्यांत विणलेले किंवा गुंतवलेले बारीक कापड असते. दाब दिला तरी ते थराची किमान जाडी राखते आणि धातूला धातू टेकू देत नाही. कार्बन तंतूंचा पृष्ठभाग आणि ॲल्युमिनियमचे हनीकोंब एकत्र आले, तर मध्ये काचतंतूंचा थर घालतात किंवा हनीकोंबच धातूचे घेत नाहीत, कारण ॲल्युमिनियमच्या दृष्टीने कार्बन स्टेनलेसहूनही वाईट जोडीदार आहे.

आपल्या खोलीत मात्र हवा वेगाने घासत नाही. तेथे जाळीचे काम एवढेच आहे की, रॉकवूलचे तंतू छिद्रांतून बाहेर पडू नयेत. ते काम काचतंतूंचे पातळ टिश्यू किंवा काचेचे विणलेले कापड उत्तम करते आणि आवाजाला अडथळाही नगण्य करते. त्यामुळे माझा पहिला सल्ला असा की, जाळी काढूनच टाकावी. विद्युतरोधक वॉशर, थर आणि सीलंट यांवर जो खर्च व कष्ट होतील, त्यापेक्षा दुसरा धातूच नसणे केव्हाही स्वस्त आहे आणि देखभालीत चुकायला जागाही राहत नाही.

उंदीर लागू नयेत म्हणून किंवा ग्राहकाच्या आग्रहामुळे जाळी ठेवावीच लागली, तर पुढील काळजी घ्यावी. पत्र्याला आधी छिद्रे पाडून, मापात कापून, मगच ॲनोडायझिंग किंवा पावडर कोटिंग करावे. कोटिंगनंतर कार्यशाळेत कापलेली प्रत्येक कड ही नवी उघडी जखम असते. कोटिंगची जाडी ठरवताना छिद्राचा हिशेब विसरू नये. तीन मिलिमीटरच्या छिद्रात भोवताली ६० मायक्रॉनचा थर बसला, तर व्यास २.८८ मिलिमीटर होतो आणि उघडे क्षेत्र सुमारे ८ टक्क्यांनी घटते. हेच छिद्र दीड मिलिमीटरचे असेल तर घट १५ टक्क्यांवर जाते आणि काही छिद्रे पावडरने बुजतातही. मागे रॉकवूल असलेल्या पॅनेलमध्ये उघडे क्षेत्र २५ टक्क्यांच्या वर असेल तर ८ टक्क्यांची घट जाणवणार नाही, परंतु ठरावीक वारंवारतेसाठी जुळवलेल्या बारीक छिद्रांच्या पॅनेलमध्ये ती नक्की जाणवेल. तेथे ॲनोडायझिंगच योग्य. मात्र ज्या पृष्ठभागावर चिकटवायचे आहे, तेथील ॲनोडायझिंगची रंध्रे गरम पाण्याने बंद केलेली नसावीत. बंद रंध्रांवर चिकटद्रव्याची पकड कमी बसते.

चिकटवण्यापूर्वी पत्रा द्रावकाने पुसून, तारेच्या ब्रशने नव्हे तर ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कागदाने हलकेच घासावा. पोलादी ब्रशचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि तेच पुढे नव्या क्षरणाची केंद्रे होतात. घासल्यावर स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाण्याचा पापुद्रा अखंड पसरला तर पृष्ठभाग तयार आहे. थेंब होऊन पाणी फाटले तर तेलकटपणा शिल्लक आहे. पत्रा वाळवून त्याच दिवशी प्रायमर द्यावा. चिकटद्रव्य मजबूत पण थोडे लवचिक असावे, कारण ॲल्युमिनियमचे उष्णतेने होणारे प्रसरण स्टेनलेसपेक्षा अधिक असते: दोन मीटर लांबीच्या पॅनेलमध्ये ४० अंशांच्या फरकाला दोघांत जवळजवळ अर्धा मिलिमीटर तफावत पडते. ठिसूळ थर याच हालचालीने कडेला तडकतो. कडेच्या सीलंटसाठी व्हिनेगरचा वास येणारे सिलिकोन टाळावे. तो वास ॲसेटिक आम्लाचा असतो. न्यूट्रल क्युअर लिहिलेले सिलिकोन किंवा एमएस पॉलिमर (आम्ल न सोडणारे दुसरे सीलंट) घ्यावे. काळ्या रबराच्या गास्केटमध्ये कार्बनचे प्रमाण जास्त असेल, तर तेही वीज वाहते, म्हणून मीटर लावून पाहिल्याशिवाय वापरू नये. रिव्हेटऐवजी स्क्रू घेऊन त्याच्या दांड्याभोवती नायलॉनची बाही आणि डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घालावा. नुसता वॉशर पुरत नाही, कारण दांडा छिद्राच्या कडेला टेकतोच.

मधल्या थरासाठी पाणी शोषणारे काहीही वापरू नये, हे मी आग्रहाने सांगतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात १८८६ साली तांब्याचे कवच आणि लोखंडी सांगाडा यांच्यामध्ये शेलॅकमध्ये (लाखेच्या द्रावणात) भिजवलेले ॲस्बेस्टॉस घातले होते. काळाच्या ओघात तो थर झिजला, ओल धरू लागला आणि लोखंड इतके गंजून फुगले की तांब्याचे रिव्हेट उपटले गेले. १९८६ साली पूर्ण झालेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या ३१६ एल स्टेनलेसच्या केल्या आणि मध्ये टेफ्लॉनचा थर दिला. रॉकवूलही असेच ओल आणि मीठ धरून ठेवते, म्हणून ते पातळ पॉलिएस्टर फिल्मच्या पिशवीत बांधून बसवावे. फिल्म जितकी पातळ, तितके उच्च वारंवारतेचे शोषण कमी बिघडते. एकदा खाऱ्या ओलीत भिजलेले रॉकवूल उन्हात वाळवून परत भरू नये. पाणी उडून जाते, मीठ तसेच राहते.

आपल्या चौकटीबद्दलही दोन शब्द. जस्ताचे विभव ॲल्युमिनियमहून खाली असल्यामुळे जी.आय.ची चौकट सुरुवातीला पत्र्याचे रक्षणच करते, पण जस्त संपले की उघडे पडलेले पोलाद उलट ॲल्युमिनियमला खाऊ लागते. तळाच्या यू चॅनेलमध्ये पाणी साचत असेल, तर सर्वांत खालच्या जागी सहा ते आठ मिलिमीटरची निचऱ्याची छिद्रे पाडावीत. आणि पावसाळ्यापेक्षा मला कोरड्या महिन्यांची भीती अधिक वाटते. पाऊस बाहेरचे मीठ धुऊन नेतो, पण आडोशाच्या आतल्या बाजूस तो पोचत नाही. तेथे वाऱ्याबरोबर आलेले मीठ साठत राहते आणि बंद पडलेला सेट थंड होताना पत्र्यावर धरणारे दव त्याला पुरेसे असते. दिवाळीनंतर दर महिन्याला सेट बंद व खोली विद्युतदृष्ट्या सुरक्षित असताना पत्र्याची समोरची बाजू गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून घ्यावी.

बसवलेल्या पॅनेलपैकी ज्यांची छिद्रे कडेने खाऊन मोठी झाली आहेत, ती बदलावीत. उरलेल्यांची जाळी उतरवून, भुकटी घासून काढून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, प्रायमर आणि काचेचे टिश्यू लावल्यास ती वाचतील. दुरुस्तीनंतर आवाजाची पातळी आच्छादनापासून एक मीटरवर पुन्हा मोजून घ्यावी. कारखान्यातच बसवलेल्या आच्छादनासह विकल्या जाणाऱ्या, १ जानेवारी २००५ पासून बनलेल्या आणि १,००० केव्हीए क्षमतेपर्यंतच्या सेटसाठी तेथे ७५ डेसिबल (ए) ही मर्यादा आहे. खोलीला आपण स्वतः पॅनेल लावली असतील, तर जुन्या व नव्या मोजणीची तुलना तरी हाती राहील. सगळी पॅनेल एकदम करण्याआधी दोन नमुने करावेत, एक टिश्यूचा आणि एक थर दिलेल्या जाळीचा, आणि दोन्ही खोलीच्या समुद्राकडच्या आतल्या कोपऱ्यात टांगावेत. जाळीच्या नमुन्यावर मल्टिमीटरची नोंद दर महिन्याला ठेवावी. आज न वाजणारा मीटर ज्या महिन्यात वाजू लागेल, त्या महिन्यात आपल्याला रोधक थर नेमका कोठे फुटला, ते शोधता येईल.