‘कशाच्या तुलनेत?’ हे विचारल्याशिवाय शीर्षक लिहू नकोस

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतचे तक्ते वाचले. सीताफळाच्या पानांच्या मिथेनॉल अर्काने एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींची वाढ १८० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर मात्रेला निम्म्यावर आली, म्हणून शीर्षकात ‘कर्करोगविरोधी’ हा शब्द घालावा असे तुझे मार्गदर्शक म्हणतात, आणि तुझा हात मात्र अडखळतो. तो अडखळतो हे योग्यच आहे.

पेशी मेल्या, पण कशाच्या तुलनेत? तुझ्या मूळ द्रावणात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम अर्क आहे. म्हणजे ४०० मायक्रोग्रॅमच्या मात्रेबरोबर पेशींवर अर्क विरघळवणारे डीएमएसओ हे द्रावक २ टक्के पडते, आणि कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी अर्काविना ठेवलेल्या, वेलमध्ये (प्लेटवरील खळग्यात) तू सरसकट ०.५ टक्केच घातले आहेस. वरच्या मात्रांना किती पेशी अर्काने मेल्या आणि किती द्रावकाने, हे या तक्त्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. शिवाय पानांतील पॉलिफिनॉल पेशींविनाही एमटीटीला, म्हणजे जिवंत पेशींमुळे जांभळ्या होणाऱ्या रंगद्रव्याला, जांभळा रंग आणू शकतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत असल्यासारखे वाचन येते. पेशी नसलेल्या वेलमध्ये नुसता अर्क आणि एमटीटी घालून ते तपासलेच पाहिजे. तुलनेसाठीचे डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचे औषधही त्याच प्लेटवर हवे, जुन्या प्लेटवरचे चालणार नाही. आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या चाळणीत कच्च्या अर्कासाठी साधारण २० मायक्रोग्रॅमची कमाल मर्यादा मानली जात असे, त्याच्या तुलनेत १८० कुठे बसतात, हे तुझे तूच पाहा.

हे सगळे दुरुस्त केलेस तरी मुख्य प्रश्न उरतोच. निरोगी पेशींच्या तुलनेत काय? सीताफळाच्या कुळातील ॲसिटोजेनिन ही द्रव्ये पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातील ऊर्जानिर्मितीची पहिलीच पायरी रोखतात, आणि ती पायरी चेतापेशींनाही लागते. याच कुळातील लक्ष्मणफळाचे सेवन आणि पार्किन्सनसदृश विकार यांचा संबंध असावा, असे ग्वादलूप बेटावरील रुग्णांच्या अभ्यासातून १९९९ मध्ये मांडले गेले. अशा वनस्पतीवर काम करताना एमसीएफ-१०ए या कर्करोग नसलेल्या स्तनपेशींवर त्याच मात्रा न देता तुला स्वस्थ बसवते तरी कसे? त्या पेशींना घोड्याचे सीरम लागते आणि खर्च वाढतो, हे कारण मला सांगू नकोस.

तू म्हणशील, केमोथेरपीची औषधेही निरोगी पेशींना इजा करतातच. करतात, आणि म्हणूनच तो फरक मोजावा लागतो. नंदुरबारला जन्मलेल्या मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्याबरोबर १९६६ मध्ये कॅम्पटोथेसिन या कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या वनस्पतिज द्रव्याची रचना मांडली. आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही तेच द्रव्य आहे. त्याच्या सोडियम क्षाराच्या रुग्णांवरील चाचण्या मात्र मूत्राशयातील रक्तस्राव आणि अस्थिमज्जेवरील दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या, आणि त्याच्यापासून घडवलेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाली. पेशी मारणे पहिल्या दिवसापासून जमत होते; रुग्णाला वाचवून त्या मारण्याला तीस वर्षे लागली.

या हट्टापायी काही हुशार विद्यार्थी मला सोडून दुसऱ्यांकडे गेले, त्यांचे शोधनिबंध लवकर छापून आले, आणि मी मुलांचे नुकसान करते असे बोलले गेले. ती मुले गेली याची खंत मला आजही वाटते, पण हट्ट सोडायला हवा होता असे वाटत नाही. वर्तमानपत्रातील बातमी कापून आणून ‘हा पाला उकळून दिला तर चालेल का’ असे विचारणारे रुग्णांचे नातेवाईक मला भेटले आहेत. त्या बातमीच्या मुळाशी कोणाचा तरी असाच निरोगी पेशींविना केलेला तक्ता असतो. त्यांना काय उत्तर द्यायचे, हे शीर्षक ठरवणाऱ्यांनी मला कधी सांगितले नाही.

तेव्हा मार्गदर्शकांशी भांडू नकोस. त्यांच्यासमोर तक्ता ठेव आणि आदराने एवढेच विचार, ‘सर, कशाच्या तुलनेत?’ सध्या शीर्षकात ‘एमसीएफ-७ पेशींवरील परिणाम’ इतकेच लिही. डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखे ठेवून, तीन वेळा, दर वेळी नव्याने वाढवलेल्या पेशींवर, प्रयोग कर, आणि एमसीएफ-१०एची वाचने आली की सरासरी न काढता मूळ आकडे मला पाठव.

तुझी शुभचिंतक